साहेबाचं वागणं मोजताना

ब्रिटनमध्ये नादिया वेजर, जॉर्ज फील्डमन आणि ट्रेव्हर हसी या संशोधकांनी रुग्णसेवेत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या २८ स्त्रियांच्या दंडाला रक्तदाब मोजणारा पट्टा बांधला. कामाचे तीन दिवस, रोज बारा तास. दर अर्ध्या तासाने पट्टा फुगायचा, आकडा नोंदवायचा आणि सैल व्हायचा. यातल्या १३ जणींवर वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे दोन पर्यवेक्षक असत. एकाचं वागणं त्यांना चांगलं वाटे, दुसऱ्याचं तितकंसं नाही. या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. नावडत्या पर्यवेक्षकाच्या दिवशी या स्त्रियांचा वरचा रक्तदाब सरासरी १५ अंकांनी आणि खालचा ७ अंकांनी जास्त भरला होता. उरलेल्या १५ जणींवर एकच पर्यवेक्षक होता, किंवा दोघं त्यांना सारखेच वाटत होते. त्यांच्यात एवढा फरक दिसला नाही.

बाई तीच, काम तेच, कामाची जागा तीच. बदलत होता तो वरचा माणूस. असा फरक एखाद्या दिवशी पडला तर शरीर तो पचवतं. तो वर्षानुवर्षं पडत राहिला तर हृदयाला आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांना त्याची किंमत मोजावी लागते. हा धोका खुद्द या संशोधकांनीच मांडला होता.

संध्याकाळी घरी आलेल्या माणसाचा चेहरा पाहून घरचे ओळखतात, ‘आज साहेब बोलले वाटतं.’ मग सल्ले सुरू होतात. मनाला लावून घेऊ नकोस, साहेब म्हटल्यावर बोलणारच, नोकरी आहे, सोसावं लागतं. हे सल्ले प्रेमापोटीच दिलेले असतात, पण त्या प्रत्येकात दुरुस्ती करायची ती कर्मचाऱ्यात. सोसणारा कमी पडला, असा त्याचा अर्थ होतो. गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत या प्रश्नाचं जे मोजमाप झालं, ते नेमकं याच्या उलट दिशेला बोट दाखवतं. वरिष्ठाचं वागणं ही कामाच्या जागेतली एक परिस्थिती आहे, जशी उष्णता, आवाज किंवा धूळ. ती मोजता येते आणि कमीही करता येते. ती मोजण्याच्या वाटेत खड्डे मात्र बरेच आहेत. या लेखात त्या साऱ्याचा आढावा घ्यायचा आहे.

मुलांच्या मंडळापासून तक्रारवहीपर्यंत

सुरुवात कारखान्यात झाली नाही. १९३९ साली कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतल्या आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. मंडळांचे प्रौढ प्रमुख तीन तऱ्हांनी वागत. हुकूम सोडणारे, मुलांना विचारून ठरवणारे आणि सगळं मुलांवर सोडून अंग काढून घेणारे. निरीक्षक मुलांच्या हालचाली टिपत बसत. हुकुमी प्रमुखाच्या हाताखाली काही मुलं एकमेकांवर चिडू लागली, काही अगदी गप्प झाली. प्रमुख खोलीबाहेर गेला की काम मंदावायचं. माणूस तोच असला तरी वरच्याच्या पद्धतीप्रमाणे गटाचं वागणं बदलतं, हे इथे डोळ्यांना दिसलं.

पुढे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी फोरमनच्या वागण्याचे दोन पदर वेगळे काढले. एक माणसाची कदर करणं, दुसरा कामाची घडी बसवून देणं. एडविन फ्लाइशमन आणि एडविन हॅरिस यांनी १९६२ मध्ये ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातल्या फोरमनचा अभ्यास मांडला. तिथे मोजपट्टी साधी आणि पक्की होती. कोणत्या फोरमनच्या हाताखालून किती तक्रारी नोंदल्या गेल्या आणि किती माणसं काम सोडून गेली, एवढंच पाहिलं. माणसाची कदर करणारा फोरमन कामात कडक झाला, तरी तक्रारी फारशा वाढल्या नाहीत. कदर न करणाऱ्याच्या हाताखाली मात्र तक्रारी आधीपासूनच चढ्या होत्या. शिस्त आणि छळ यांतला फरक कामगाराला कळतो, हे तक्रारवहीने साठ वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे.

त्यानंतर संशोधनाचा रोख वरिष्ठाकडून कामाच्या घडणीकडे वळला. १९७९ मध्ये रॉबर्ट करासेक यांनी सांगितलं की नुसत्या कामाच्या रेट्याने माणूस खचत नाही. रेटा जास्त आणि स्वतः ठरवण्याची मुभा कमी, असं दोन्ही एकत्र आलं की खचतो. १९८८ मध्ये त्यात आधाराची बाजू जोडली गेली. १९९६ मध्ये योहानेस झिग्रिस्ट यांनी कष्ट आणि मोबदला यांचा तोल मांडला, आणि मोबदल्यात पगाराबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही धरली. या मांडण्यांमध्ये साहेबाचं वेगळं नाव नाही. पण मुभा कोण देतं? आधार कोण देतं? मान कोण राखतं? रोजच्या कामात या तिन्हींची किल्ली बहुतेक वेळा जवळच्या वरिष्ठाच्याच खिशात असते.

प्रश्नावली काय विचारते

वरिष्ठाच्या वाईट वागण्यासाठी सर्वांत जास्त वापरली गेलेली प्रश्नावली बेनेट टेपर यांनी २००० साली तयार केली. तीत १५ विधानं आहेत. चारचौघांत कमी लेखणं, बोलणं टाकणं, जुन्या चुका पुन्हा पुन्हा उगाळणं, दिलेला शब्द न पाळणं, दुसऱ्यावरचा राग काढणं अशी. प्रत्येकापुढे ‘असं कधी झाल्याचं आठवत नाही’पासून ‘नेहमीच होतं’पर्यंत पाच पायऱ्या. मारहाण यात धरलेली नाही. एखाद्या दिवशीचा भडकाही धरलेला नाही, सतत चालणारं वागणं तेवढं धरलं आहे. टेपर यांना आणखी एक गोष्ट आढळली. ज्यांना दुसरी नोकरी सहज मिळण्यासारखी नव्हती, त्यांच्यावर अशा वागण्याचा परिणाम जास्त झाला. दार बंद असलं की आतला धूर जास्त लागतो.

दुसरी वाट चांगल्या वागण्याची यादी करण्याची. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाने २००४ मध्ये कामाच्या ताणासाठी सहा कसोट्या ठरवल्या. कामाचा बोजा, मुभा, आधार, आपसातले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदलांची हाताळणी. त्यांची ३५ प्रश्नांची प्रश्नावली आहे आणि तीत वरिष्ठाचा आधार सहकाऱ्यांच्या आधारापासून वेगळा मोजला जातो. पुढे जोआना यार्कर, रेचल लुईस आणि एमा डोनाल्डसन-फील्डर यांनी ‘ताण होऊ नये म्हणून व्यवस्थापकाने नेमकं काय करावं’ याचा शोध घेऊन ६६ वाक्यांचं साधन तयार केलं. त्याचे चार भाग आहेत. आदराने आणि जबाबदारीने वागणं, आजचं आणि पुढचं काम नीट आखून सांगणं, गटातल्या माणसाला माणूस म्हणून ओळखणं आणि अवघड प्रसंग वेळीच हाताळणं. या साधनाचं मोल असं, की ते स्वभावाला हात घालत नाही. ‘तुमचा साहेब चांगला आहे का?’ या प्रश्नाच्या उत्तराने काहीच बदलत नाही. ‘कामाची मुदत ठरवताना तुम्हाला विचारतो का?’ याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर सोमवारपासून विचारायला सुरुवात करता येते.

ताणाची बाजू मोजायलाही साधनं आहेत. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ ची प्रश्नावली गेल्या महिनाभरात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखं किती वेळा वाटलं, ते विचारते. ख्रिस्टिना मॅसलॅक यांची २२ वाक्यांची मोजपट्टी कामाने आलेला थकवा, माणसांविषयीचा कोरडेपणा आणि ‘माझ्या हातून काही होत नाही’ ही भावना तपासते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाने पार खचून जाण्याची ही अवस्था कामाशी निगडित घटना म्हणून आपल्या आजारांच्या वर्गीकरणात नोंदली. ती स्वतंत्र आजार मानलेली नाही.

एकाच तोंडाची दोन उत्तरं

आता पहिला मोठा खड्डा. बहुतेक अभ्यासांत एकच माणूस, एकाच बैठकीत, एकाच कागदावर दोन्ही उत्तरं देतो. साहेब कसा आहे आणि मला किती ताण आहे. सकाळी घरून भांडून निघालेल्या माणसाला त्या दिवशी डोकंही जड वाटतं आणि साहेबही नकोसा वाटतो. दोन्ही खुणा एकाच मनःस्थितीतून आल्या, तर त्यांच्यातलं नातं आहे त्यापेक्षा घट्ट दिसतं. फिलिप पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या दोषाची सविस्तर चिकित्सा केली. तेव्हापासून कोणताही जाणकार वाचक अभ्यास हातात घेतला की आधी विचारतो, दोन्ही उत्तरं एकाच तोंडची आहेत का?

दुसरा खड्डा दिशेचा. साहेबाच्या वागण्याने माणूस खचतो, हे खरं. पण खचलेल्या माणसाचं काम घसरतं, चुका होतात, आणि मग साहेब जास्त बोलू लागतो, हेही खरं. एकाच दिवशी काढलेल्या चित्रात आधी काय आणि मागून काय हे कळत नाही. तिसरा खड्डा भीतीचा. उत्तरपत्रिका शेवटी कोणाच्या टेबलावर जाणार, हे माहीत नसलेला माणूस सगळीकडे ‘ठीक’वर खूण करून मोकळा होतो. अशा ठिकाणी चांगला निकाल आला, तर तो धाकाचाही निकाल असू शकतो.

यातून काढलेल्या वाटाही आहेत. साहेबाविषयी आज विचारायचं, ताणाविषयी काही महिन्यांनी. एकट्याच्या उत्तराऐवजी साऱ्या गटाची सरासरी घ्यायची. एकाच वरिष्ठाच्या हाताखालच्या बारा जणांपैकी दहा जण तेच सांगत असतील, तर ते कुणा एकाच्या हळवेपणावर ढकलता येत नाही. रोजनिशी ठेवायला सांगायची, म्हणजे त्याच माणसाचे बरे दिवस आणि वाईट दिवस शेजारी ठेवता येतात. रक्तदाबाच्या त्या अभ्यासाचं बळ इथेच आहे. त्यात प्रत्येक बाईची तुलना तिच्या स्वतःशीच झाली होती. माणसं थोडीच होती, ही त्याची मर्यादा. पण आखणी सुरेख होती.

शरीराची साक्ष

तोंडच्या उत्तरांपलीकडे जायचं तर वर्षानुवर्षं माणसांच्या मागे राहावं लागतं. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरचे ‘व्हाइटहॉल’ अभ्यास याचा आदर्श आहेत. पहिला १९६७ मध्ये सुरू झाला. हुद्दा जसजसा खाली, तसतसं हृदयविकाराने मरणाचं प्रमाण वर, असं त्यात दिसलं. सर्वांत खालच्या श्रेणीत ते सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक होतं, आणि धूम्रपान, रक्तदाब यांसारखी नेहमीची कारणं धरूनही तो सगळा फरक उलगडत नव्हता. मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला, १०,३०८ स्त्री-पुरुषांचा. त्यात वरिष्ठाच्या न्यायीपणाचे काही साधे प्रश्न होते. विनाकारण बोलणी बसतात का? वरिष्ठाकडून पुरेशी आणि सुसंगत माहिती मिळते का? तो अडचण ऐकून घेतो का? कामाचं कौतुक होतं का?

मिका किविमाकी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यातल्या ६,४४२ पुरुषांची पुढच्या अनेक वर्षांची प्रकृती तपासली. ज्यांनी आपल्याला न्यायाने वागवलं जातं असं सांगितलं होतं, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी होता. स्वीडनमध्ये आना न्यूबर्ग आणि सहकाऱ्यांनी ३,१२२ पुरुषांचा जवळपास दहा वर्षं पाठपुरावा केला. २००९ मध्ये छापलेल्या निष्कर्षात वरिष्ठाच्या नेतृत्वाला जास्त गुण देणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि जितकी जास्त वर्षं त्याच ठिकाणी नोकरी तितकं हे नातं ठळक. हृदयविकाराच्या घटना एकूण ७४च होत्या, म्हणून आकडा जपून वापरायला हवा. पण आधी वागण्याची नोंद आणि नंतर आजार, हा क्रम इथे पक्का आहे. ‘खचलेल्याला साहेब वाईट दिसतो’ ही शंका त्यामुळे बरीच मागे पडते.

रक्तातलं किंवा लाळेतलं कॉर्टिसॉल हे संप्रेरकही मोजतात. ते सकाळी जाग आल्यावर अर्ध्या तासात उंच चढतं आणि दिवसभर उतरत जातं. त्यामुळे नमुना केव्हा घेतला, आदल्या रात्री झोप झाली का, सिगारेट ओढली का, यावर आकडा हलतो. फार काळ ताणाखाली राहिलेल्या माणसात ते चढण्याऐवजी खालीच राहिलेलंही आढळतं. म्हणून एका नमुन्यावरून ‘याला ताण आहे’ किंवा ‘नाही’ असा निवाडा देता येत नाही. शरीराची साक्ष मोलाची आहे, पण तिचीही उलटतपासणी करावी लागते.

ओरडणं आणि ‘बघू’

वाईट साहेब म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ओरडणारा माणूस येतो. मोजमापाने दाखवलेली एक महत्त्वाची गोष्ट अशी, की गप्प राहणारा साहेबही माणसाला आजारी पाडू शकतो. नॉर्वेतल्या अँडर्स स्कॉगस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २,२७३ कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून मांडलं, की जबाबदारीपासून अंग काढून घेणाऱ्या वरिष्ठाच्या हाताखाली कोणतं काम कोणाचं याचा गोंधळ वाढतो, सहकाऱ्यांत खटके उडतात आणि त्यातून छळ आणि मानसिक त्रास उभा राहतो.

आपल्या कार्यालयांत या वागण्याला एक शब्द आहे, ‘बघू’. बहिणीच्या लग्नासाठी चार दिवसांच्या रजेचा अर्ज महिनाभर आधी दिलेला असतो. साहेब वाचतो, कागदावर पेपरवेट ठेवतो आणि म्हणतो, ‘बघू.’ आठ दिवसांनी विचारलं तरी ‘बघू’. गाडीचं आरक्षण करायचं की नाही, घरी काय सांगायचं, बदली माणूस कोणाला विचारायचा, सगळं अधांतरी. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सही होते. साहेबाच्या मते त्याने रजा दिली, एक वाकडा शब्द बोलला नाही. टेपर यांच्या १५ विधानांत यातलं काही सापडणार नाही. पण तो महिना त्या माणसाने कसा काढला, हे त्याच्या घरच्यांना विचारावं. म्हणून मोजताना अपमानाची यादी पुरेशी नाही. न दिलेली उत्तरं, न सांगितलेली माहिती, न घेतलेले निर्णय हेही वागणंच आहे.

मोजल्यावर काही बदलतं का

बदलतं, आणि या साऱ्या संशोधनातला सर्वांत आश्वासक भाग हाच आहे. स्वीडनमधल्या एका विमा कंपनीत तोरेस थिओरेल आणि सहकाऱ्यांनी व्यवस्थापकांसाठी वर्षभर, दर पंधरवड्याला दोन तासांचा वर्ग घेतला. थोडं व्याख्यान, मग चर्चा. रक्त मात्र तपासलं ते हाताखालच्या कर्मचाऱ्यांचंही. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं, की ज्यांचे वरिष्ठ वर्गाला गेले त्या कर्मचाऱ्यांचं कॉर्टिसॉल वर्षअखेर उतरलं. ज्यांचे गेले नाहीत त्यांचं उतरलं नाही. शिकला वरचा, सैलावलं खालच्याचं शरीर.

जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा २००६ चा अभ्यास चार रुग्णालयांतल्या ४६७ नर्सचा. त्यांपैकी दोन रुग्णालयांत पगाराची पद्धत बदलल्याने पगार सुमारे दहा टक्क्यांनी घटला आणि नर्सची झोप उडाली. त्या दोहोंपैकी एका ठिकाणी पर्यवेक्षकांना शिकवण्यात आलं की बोलताना मान राखा, कारण सांगा, ऐकून घ्या. तिथे निद्रानाश लक्षणीय कमी झाला आणि सहा महिन्यांनंतरही तो कमीच होता. पगार परत मिळाला नव्हता, हे विसरता कामा नये. चांगल्या वागण्याने अन्याय भरून निघत नाही. पण अन्यायावर अपमानाचं मीठ चोळलं जात नाही, एवढ्यानेही माणसाला झोप लागते.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलात अधिकाऱ्यांना अवघं चार तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं. मनाने त्रासलेल्या सहकाऱ्याशी कसं बोलावं, आजारी रजेवर असलेल्याची विचारपूस कशी करावी, एवढाच विषय. २०१७ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार, सहा महिन्यांत त्यांच्या हाताखालच्यांची कामामुळे पडणारी आजारपणाची रजा घटली, आणि प्रशिक्षणावरच्या एका पौंडामागे सुमारे दहा पौंड वाचल्याचा हिशेब मांडला गेला.

मग सगळीकडे प्रशिक्षण दिलं की झालं का? इथे जुना फ्लाइशमन पुन्हा कामी येतो. १९५३ मध्येच त्यांनी दाखवलं होतं, की वर्गातून बाहेर पडताना फोरमनचे विचार बदललेले असतात, पण कारखान्यात परतल्यावर त्यांचं वागणं त्यांच्या स्वतःच्या साहेबाच्या पद्धतीवर बेततं. मोठा साहेब जसा, तसा धाकटा साहेब. जेनी हूबलर आणि डॅनियल ब्रास यांनी २००६ मध्ये या साखळीची पुढची कडीही पाहिली. कंपनीने आपल्याला दिलेला शब्द मोडला असं वाटणारे पर्यवेक्षक हाताखालच्यांना जास्त छळतात, आणि ते छळलेले घरी जाऊन घरच्यांशी वाकडं वागतात. याला आपण पिढ्यानपिढ्या वड्याचं तेल वांग्यावर म्हणत आलो आहोत. अभ्यासकांनी घरच्या माणसांकडूनही प्रश्नावली भरून घेतली आणि ते तेल कुठवर जातं, ते मोजलं. ख्रिस्तोफर बार्न्स आणि सहकाऱ्यांना तर २०१५ मध्ये असंही आढळलं, की रात्री वरिष्ठाची झोप नीट झाली नाही तर दुसऱ्या दिवशी त्याचं वागणं बिघडतं. साहेब हाही कुणाच्या तरी हाताखालचा माणूस आहे. त्याला दोषी ठरवून थांबलं, तर साखळीतली एक कडी तेवढी दिसते.

कायद्याने विचारणारा देश

जपानने डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत वर्षातून एकदा ताणतपासणी बंधनकारक केली. तिथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या ५७ प्रश्नांत वरिष्ठाविषयी तीनच प्रश्न आहेत. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येतं का? अडचणीत त्यांचा आधार वाटतो का? खाजगी अडचण सांगितली तर ऐकून घेतात का? तीन प्रश्न थोडे आहेत, पण व्यवस्थेतल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, निकाल आधी कर्मचाऱ्याच्या हातात जातो आणि त्याच्या संमतीशिवाय मालकाला मिळत नाही. दोन, विभागवार निकाल काढतात, पण दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा काढत नाहीत, म्हणजे ‘हे कोणी लिहिलं असेल’ याचा माग लागत नाही. शिवाय वरिष्ठांनी पदाच्या जोरावर केलेल्या छळाविरुद्धचा कायदाही तिथे मोठ्या कंपन्यांना जून २०२० पासून आणि छोट्या कंपन्यांना एप्रिल २०२२ पासून लागू झाला.

आपल्या भाषेत, आपल्या माणसांत

भारतात या विषयाची सुरुवात उशिरा झालेली नाही. ए. के. श्रीवास्तव आणि ए. पी. सिंह यांची कामाच्या ताणाची ४६ विधानांची मोजपट्टी १९८१ ची. तीत १२ घटक आहेत. उदय पारीक यांची भूमिकेतल्या ताणाची मोजपट्टी ५० विधानांची, दहा घटकांची. भारतातल्या शेकडो प्रबंधांना या दोन साधनांनी पाया दिला. पण त्यांच्या घटकांची नावं वाचताना एक गोष्ट जाणवते. बोजा आहे, भूमिकेचा गोंधळ आहे, अधिकार नसणं आहे, सहकाऱ्यांशी बिघडलेले संबंध आहेत, आणि जवळच्या वरिष्ठाच्या वागण्याचा स्वतंत्र घटक नाही. माणूस घरी येऊन ज्याच्याविषयी सर्वांत जास्त बोलतो, त्याला तक्त्यात स्वतःची ओळ नाही. जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये भारतीय वरिष्ठाचं जे रूप मांडलं, ते मायेने सांभाळणारा आणि तरी काम चोख करून घेणारा असं होतं. मराठीत चांगल्या साहेबाचं वर्णन आपण ‘सांभाळून घेतो’ असंच करतो. पाश्चात्त्य प्रश्नावलीत हे ‘सांभाळून घेणं’ शोधावं लागतं.

आणि प्रश्नावली मराठीत आणायची तर शब्दांपाशी थांबावं लागतं. ‘कामाचा ताण आहे का?’ असं विचारलं की माणूस फायलींचा, पाळ्यांचा, उत्पादनाच्या आकड्यांचा विचार करतो. साहेब त्याच्या मनातच येत नाही. ‘तणाव’ म्हटलं तर त्याला पेपरातली सीमेवरची बातमी आठवते. तो स्वतः म्हणतो ‘टेन्शन’, ‘डोक्याला ताप’, ‘केबिनमध्ये बोलावलं की पोटात गोळा येतो’. ‘साहेब तुमच्याशी बोलतात का?’ आणि ‘साहेब तुम्हाला बोलतात का?’ यांत एका प्रत्ययाचा फरक आहे. पहिल्याचं ‘हो’ म्हणजे आधार, दुसऱ्याचं ‘हो’ म्हणजे जाच. भाषांतर करणाऱ्याची नजर चुकली, तर सगळा तक्ता उलटा होईल.

त्याहून अवघड प्रश्न ‘तुमचे साहेब’ या शब्दांचा आहे. कंत्राटी कामगाराला ते विचारा, तो आधी विचारेल, कोणते? हजेरी मांडणारा कंत्राटदाराचा सुपरवायझर, की लाइनवर काम सांगणारा कंपनीचा? एक पगार अडवू शकतो, दुसरा उद्यापासून येऊ नकोस म्हणू शकतो, आणि दोघांपैकी कोणीही त्याला आपला माणूस मानत नाही. टेपर यांचं ते निरीक्षण इथे पुन्हा आठवतं, की ज्याला दुसरं दार नाही, त्याला सर्वांत जास्त लागतं. बाई असेल किंवा जातीवरून टोमणे खाणारा माणूस असेल, तर त्या बोलण्याला आणखी धार असते. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे समिती नेमावी लागते. रोजच्या पाणउताऱ्यासाठी आणि न संपणाऱ्या ‘बघू’साठी अशी वाट नाही. जपानसारखी वार्षिक ताणतपासणीही आपल्या कायद्यात नाही.

पण कायद्याची वाट पाहत बसावं असंही नाही. बरीचशी मोजमापं आपल्या कपाटात आधीच पडलेली आहेत. कोणत्या विभागातून बदलीचे अर्ज जास्त येतात? आजारपणाच्या रजा कोणत्या साहेबाच्या काळात वाढल्या? राजीनामे कोणाच्या हाताखालून गेले? ट्रकच्या कारखान्यात १९६२ मध्ये वाचलेली तक्रारवही ती हीच. त्याच्या जोडीला दहा-पंधरा नेमकी, साध्या मराठीतली वाक्यं, पुरेसा मोठा गट, नावाशिवाय उत्तरं आणि निकाल सर्वांसमोर ठेवण्याचं वचन एवढं जरी असलं, तरी सुरुवात होते. सहा महिन्यांनी तेच पुन्हा विचारावं. मात्र विचारून काहीच करायचं नसेल, तर विचारू नये. उत्तर लिहिण्याचं धैर्य केलेल्या माणसाला पुढे नुसतं मौन मिळालं, तर त्या मौनाचाही ताण होतो, आणि पुढच्या वेळी तो सगळीकडे ‘ठीक’वर खूण करतो.

साहेबांनाही विचारायला हवं, झोप होते का, वरून काय येतं, हाताखाली किती माणसं आहेत. आणि निकाल त्यांच्या हाती देताना ठपका म्हणून देऊ नये, डॉक्टर तपासणीचा कागद देतो तसा द्यावा. काय वाढलं आहे, ते आणि काय केलं तर उतरेल, ते.

त्या १३ जणींनी तीन दिवस दंडाला पट्टा बांधून काम केलं, तेव्हा कुठे आपल्याला पंधरा अंक कळले. आपल्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत तो चढउतार कोणी मोजत नाही, पण रोज होतो. रजेच्या अर्जावरचं पेपरवेट त्याच दिवशी उचललं, चूक चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन सांगितली, मुदत ठरवताना आधी विचारलं, तर तो उतरू शकतो. याला पैसा लागत नाही. आपलं वागणं दुसऱ्याच्या शरीरात उतरतं, हे आधी मान्य करावं लागतं.